मांडव पडण्याआधीचा हिशेब

लग्नसराईत भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या आगरी गावात हळदीच्या रात्री जायचे असेल, तर गाडी गावाच्या बरीच अलीकडे लावावी लागते. काल्हेर असो, पूर्णा असो, दापोडे असो की अंजूर, रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्यांची रांग, तिच्यामागे गोदामांच्या पत्र्याच्या उंच भिंती आणि पुढे कुठेतरी बँजोचा ठेका. मांडवाच्या मागे जनरेटर धडधडत असतो. त्याच्या पलीकडे आचाऱ्यांच्या भट्ट्या आणि त्यांवर मटणाचे टोप. हजार-दीड हजार माणसे जेवून जातात. दुसऱ्या दिवशी लग्न, पुन्हा जवळपास तीच माणसे, पुन्हा जेवणावळ.

सभा-समारंभांचा कार्बन ठसा म्हटले की आपल्याला हवामान परिषदा आठवतात, ऑलिंपिक आठवते, पंचतारांकित हॉटेलातली अधिवेशने आठवतात. त्यांचा हिशेब पुढे येईलच. पण मराठी घरातला माणूस वर्षभरात ज्या कार्यक्रमांसाठी घराबाहेर पडतो त्यांत लग्न, हळद, साखरपुडा, बारसे, उत्तरकार्य यांचाच भरणा असतो. शिवाय भिवंडीत दोन्ही टोके एकाच रस्त्यावर सापडतात. एका बाजूला हळदीचा मांडव आणि दुसऱ्या बाजूला देशभर माल पाठवणारी गोदामे, जिथल्या बैठकांसाठी माणसे दिल्ली-बंगळुरूहून विमानाने येतात. हा विषय समजून घ्यायला इतके चांगले ठिकाण महाराष्ट्रात दुसरे नसावे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कार्यक्रमाचा कार्बन ठसा मांडवात ठरत नाही. तो ठरतो त्याच्या महिना-दोन महिने आधी, घरच्या बैठकीत, जेव्हा तारीख, जागा, पाहुण्यांची यादी आणि जेवणाचा बेत पक्का होतो. त्या बैठकीत जे हातचे गेले ते मांडव पडल्यावर कागदी ग्लास वापरून परत मिळत नाही.

पूर्वी या बैठकीत फारसे चुकण्यासारखे काही नव्हते. खाडीकाठची, भातखाचरांची ही गावे. सोयरिकी पायी, होडीने किंवा बैलगाडीने पोहोचता येईल अशाच गावांत होत. मांडवाला बांबू आणि आंब्याचे टहाळे, हात गावाचेच. लग्नाचे विधी धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीते, गाऊन पार पाडत असे, त्याला ना माईक लागे ना वीज. मग मुंबई-नाशिक महामार्ग वाढला, १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले, आणि शहरांच्या जकात नाक्यांबाहेरच्या ग्रामपंचायतींच्या जमिनीवर गोदामे उभी राहू लागली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर ती आणखी मोठी झाली. भाताच्या जमिनीला भाव आला, दारात गाडी आली, सोयरिकी पनवेल, उरण, वसईपर्यंत गेल्या. हळद, जी घरच्या आणि भावकीतल्या बायकांची होती, ती सगळ्या गावाची, मित्रमंडळींची आणि राजकीय कार्यकर्त्यांची झाली.

यात उधळपट्टी आहे, आणि ती आवरावी असे आवाहन आगरी समाजातलीच जाणती माणसे बरीच वर्षे करत आहेत. पण ज्याने आपल्याला जेवू घातले त्याला जेवू घालणे हे गावात कर्तव्य असते. बाहेरून येऊन ‘एवढे कशाला?’ असे विचारणाऱ्याला हे कळत नाही. म्हणून समारंभ बंद करा असे सांगण्यात अर्थ नाही. तोच मान, तीच माणसे ठेवून धूर कुठे कमी करता येतो, हे शोधणे उपयोगाचे.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण तालुक्यातल्या कोणालाही ओळखीचे वाटतील. एक हजार पाहुणे. त्यांतले सहाशे दोनशे मोटारींतून आले, बाकीचे चालत, दुचाकीने, रिक्षाने. मोटारींचा जाऊन-येऊन सरासरी प्रवास पन्नास किलोमीटर. या भागातल्या वाहतुकीत लिटरमागे बारा किलोमीटर धरले तर प्रत्येक गाडीला चार लिटरहून थोडे जास्त पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे गाडीमागे साडेनऊ-दहा किलो आणि दोनशे गाड्यांमागे जवळजवळ दोन टन.

यात कोंडीची भर वेगळी. अंजूरफाटा, माणकोली, राजनोली नाका इथे संध्याकाळी कंटेनर आणि ट्रेलरच्या मध्ये गाडी अडकली की ती एसी चालू ठेवून जागच्या जागी तेल जाळते, तासाला साधारण पाऊण ते एक लिटर. अर्धा तास रखडपट्टी झाली तर प्रत्येक गाडीमागे आणखी एक किलो. गोरज मुहूर्ताचा इथे मोठा तोटा आहे. नेमक्या त्याच वेळी गोदामांतून माल सुटतो, कामगारांची पाळी सुटते, आणि पाहुणेही त्याच रस्त्यावर येतात. वर मांडवात दिवे लावावे लागतात ते निराळेच. डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळचा मुहूर्त धरला तर रस्ताही मोकळा मिळतो आणि उजेड फुकट मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत हे जमत नाही, हेही मान्य करायला हवे. पत्र्याच्या छताखाली दुपारी माणूस शिजतो, आणि मग कूलर आणि एसी आले की दिव्यांत वाचलेली वीज तिकडे जाते.

आता त्याच सहाशे माणसांना बसने आणले तर? बारा बस लागतील. बसला पन्नास किलोमीटरला साडेबारा लिटर डिझेल धरू. एक लिटर डिझेल म्हणजे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. बारा बसचे मिळून चारशे किलो. दोन टनांचे चारशे किलो झाले, आणि एकाही पाहुण्याचा मान कमी झाला नाही. एसटीचा प्रासंगिक करार ही सोय आपल्याकडे फार जुनी आहे. वऱ्हाडासाठी लाल गाडी ठरवणे हे एका पिढीला अगदी सवयीचे होते. भिवंडीच्या आगारातून ती आजही ठरवता येते. अडचण तेलाची किंवा पैशाची नाही, प्रतिष्ठेची आहे. स्वतःच्या गाडीतून उतरणे हे आता आहेराइतकेच महत्त्वाचे मानले जाते. एकेका गावच्या पाहुण्यांसाठी एक गाडी यजमानानेच पाठवली, तिच्यावर त्या गावाचे नाव लावले, तर ती प्रतिष्ठा बसलाही मिळू शकते. ठाणे-भिवंडी-कल्याण ही मेट्रो ५ पूर्ण झाल्यावर धामणकर नाक्याजवळच्या हॉलचे महत्त्व वाढेल ते पाहुण्यांना मोटारीविना पोहोचता येईल म्हणून.

पुढचा आकडा मात्र गाड्यांपेक्षाही जड आहे, आणि तो जेवणातला आहे.

समजा दीडशे किलो मटण शिजले. बोकड आणि मेंढ्या रवंथ करतात, त्यांच्या पोटातून मिथेन बाहेर पडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस पटींनी तापवतो. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये जगभरातल्या हजारो शेतांची माहिती एकत्र करून जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार हाडाविना एक किलो मटणामागे सरासरी सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका वायू निघतो. कोंबडीला तो आकडा दहाच्या आसपास, तांदळाला साडेचार, आणि वाटाण्यासारख्या कडधान्याला किलोमागे एकच किलो. माळावर चरणाऱ्या आपल्या शेळ्यांचा हिशेब जागतिक सरासरीपेक्षा वेगळा निघू शकतो, पण मटण आणि कोंबडी यांच्यातले अंतर त्याने पुसले जात नाही. दीडशे किलोतले हाड वजा करून शंभर किलो धरले, तरी चार टन झाले. दोनशे गाड्यांच्या दुप्पट! तेवढीच कोंबडी असती तर एक टन.

म्हणजे हळदीला मटण आणि लग्नालाही मटण, असा बेत ज्या बैठकीत ठरतो तिथेच कार्यक्रमाचा निम्म्याहून अधिक ठसा ठरून जातो. शाकाहाराचा उपदेश मी करणार नाही. समुद्राच्या आणि खाडीच्या काठावर राहणाऱ्या समाजाला तो कोणी करूही नये. पण दोन जेवणांपैकी एकच मांसाहारी ठेवणे, त्यातही मटणाच्या जोडीला कोंबडी ठेवून मटणाचा अंदाज निम्म्यावर आणणे, आणि वाल-वाटाण्याचे कालवण, तांदळाची भाकरी, ज्यांची आगरी स्वयंपाकात काहीच उणीव नाही, त्यांना ताटात मोठी जागा देणे हे होऊ शकते. आचाऱ्याला ‘कमी पडायला नको’ एवढेच सांगितले की तो अंदाज दीडपट धरतो. त्यात त्याचा दोष नाही. कमी पडले तर बोल त्यालाच लागतो. नेमकी संख्या त्याच्या हातात दिली, तर चांगला आचारी किलोभराच्या फरकाने अंदाज सांगतो.

उरलेल्या अन्नाचेही तसेच. टोपात उरलेले, न वाढलेले अन्न रात्री दोन तासांच्या आत कोणाकडे जाणार हे आधी ठरलेले असेल तरच ते जाते. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या रोटी बँकेने समारंभांतले उरलेले अन्न गरजूंपर्यंत नेण्याची पद्धत बसवली. तशी व्यवस्था भिवंडीत गावपातळीवर उभी करायला फार काही लागत नाही. एक टेम्पो, झाकणाची पातेली, आणि आधी बोलून ठेवलेली एखादी आश्रमशाळा किंवा यंत्रमाग कामगारांची वस्ती एवढे पुरे. ताटात टाकलेले अन्न मात्र कचराभूमीवरच जाते आणि ढिगाखाली हवेविना कुजून पुन्हा मिथेनच देते. पंगतीत वाढप्याला ‘पुरे’ म्हणता येत होते. बुफेत माणूस पहिल्यांदाच ताट भरून घेतो, आणि गर्दीत पुन्हा रांग नको म्हणून जास्तच घेतो. पंगत परत आणावी असे मला मनापासून वाटते. हजार माणसांना ती वेळखाऊ पडते, पण तीनशे-साडेतीनशेच्या तीन पंगतींना कोणी ना म्हणू नये.

जनरेटरकडे आता येऊ, कारण त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. पॅरिसने २०२४ च्या ऑलिंपिकसाठी डिझेल जनरेटर जवळजवळ हद्दपार केले आणि स्थळांना थेट जाळ्यातून वीज दिली. तिथे त्याने मोठा फरक पडला, कारण फ्रान्सची बहुतांश वीज अणुऊर्जेची. आपल्याकडे जाळ्यातल्या एका युनिटमागे अजूनही सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण ती मुख्यतः कोळशाची. आणि नीट भार दिलेला डिझेल जनरेटरही युनिटला साधारण तेवढाच धूर काढतो. मग फरक कुठे पडतो? भारात. मांडवाला गरज पंचवीस किलोवॉटची आणि ‘असू दे, जास्त असलेला बरा’ म्हणून आणला १२५ केव्हीएचा जनरेटर, तर तो पाव भारावर रात्रभर चालतो. पाव भारावर इंजिन युनिटमागे दीडपट तेल खाते. तासाला नऊ-दहा लिटर, आठ तासांत ऐंशी, म्हणजे दोनशे किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड. तीच गरज चाळीस केव्हीएचा छोटा जनरेटर कमी तेलात भागवतो. त्यासाठी मांडववाल्याला दिवे, ध्वनियंत्रणा, एलईडी पडदा, पंखे यांच्या वॅटची बेरीज करायला सांगावे. त्याला ती येते, पण कोणी विचारत नाही.

तात्पुरती वीजजोडणी हा दुसरा मार्ग. भिवंडीत वीजवितरण जानेवारी २००७ पासून फ्रँचायझी म्हणून टोरेंट पॉवर पाहते. देशातला तो अशा स्वरूपाचा पहिला मोठा प्रयोग. त्याआधीच्या भारनियमनाच्या काळात यंत्रमागच तासन् तास बंद पडत, तिथे मांडवाला जनरेटर लागणारच. ती सवय हाडात मुरली आहे. आता रीतसर अर्ज करून जोडणी घ्यावी आणि छोटा जनरेटर केवळ राखीव म्हणून उभा ठेवावा. कार्बनमध्ये त्याने थोडेच वाचेल, दिवसाच्या कार्यक्रमात सौरविजेमुळे काहीसे अधिक. पण मांडवामागे झोपलेल्या मुलांच्या नाकात काजळी जाणार नाही, हा लाभ मला कार्बनइतकाच मोठा वाटतो.

स्वयंपाकाचा गॅस फार चर्चेत येत नाही. एकोणीस किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमागे सत्तावन्न किलोच्या आसपास. आठ सिलिंडर लागले तर साडेचारशे किलो. टोपावर झाकण आणि भट्टीभोवती वाऱ्याला आडोसा, एवढ्याने त्यात बचत होते.

मांडव मात्र, लोखंडी पाइपांचा आणि कापडाचा, आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी भला आहे. डेकोरेटर एकच कापड, एकच खुर्ची, एकच सतरंजी शेकडो कार्यक्रमांना फिरवतो. पॅरिसने ऑलिंपिकची ९५ टक्के स्थळे आधीचीच किंवा तात्पुरती ठेवली याचे जगभर कौतुक झाले. आपला मंडपवाला तेच पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. बिघडवतात ते एकदाच वापरायचे भाग. प्रवेशद्वारापासून मंचापर्यंत अंथरलेला तो लाल, पातळ, न विणलेला गालिचा बघा. सकाळी तो फाडून गुंडाळला जातो आणि कचऱ्यात जातो. तो प्लास्टिकचाच असतो. कमानीवरचा फ्लेक्सही तसाच. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्च महिन्यात थर्माकोल आणि एकदा वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभरात शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवरही आली. ज्या गावात लाखो यंत्रमागांवर कापड विणले जाते तिथे स्वागताचा फलक कापडाचा नसावा, याचे वाईट वाटते. तारीख आणि नावे न छापता नुसते ‘सुस्वागतम’ लिहिलेला कापडी फलक गावाच्या मालकीचा असू शकतो, जशी गावाची भांडी असतात.

पण हेही सांगायला हवे की फलक, ग्लास, पत्रावळी या सगळ्यांची बेरीज आपल्या उदाहरणात मटणाच्या जवळपासही पोहोचत नाही. कचरा कमी करणे आणि कार्बन कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही करावीत. पहिले केले म्हणून दुसरे झाले असे मात्र समजू नये.

आता रस्त्याच्या पलीकडे, गोदामात जाऊ. मुंबई-दिल्ली विमानाने जाऊन-येऊन एका प्रवाशामागे दीडशे ते दोनशे किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. गोदामाच्या तिमाही बैठकीसाठी दिल्लीहून दहा माणसे आली, तर दीड ते दोन टन झाले. आपल्या हळदीच्या दोनशे गाड्यांनी सहाशे माणसे आणून जवळपास तेवढाच धूर काढला होता. त्या बैठकीत चहा कुल्हडातून दिला, फुलांच्या गुच्छाऐवजी रोप दिले, तरी हा आकडा हलत नाही.

करोनाच्या दोन वर्षांत बैठका पडद्यावर गेल्या आणि जगभर त्याचे मोजमाप झाले. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये दाखवले की परिषद पूर्णपणे ऑनलाइन घेतली तर ठसा ९४ टक्के घटतो. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. निम्म्याहून अधिक माणसे प्रत्यक्ष भेटवायची असतील, तर जागा नीट निवडून दोन-चार शहरांत केंद्रे केली आणि ती पडद्याने जोडली, तरी दोनतृतीयांश घट होते. माणसे भेटतात, हात मिळवतात, फक्त जवळच्या केंद्रावर. पडद्यावरच्या बैठकीचा स्वतःचा ठसा माणशी तासाला काही ग्रॅमपासून, अगदी वरचा अंदाज घेतला तरी किलोभरापर्यंत येतो. कॅमेरा बंद ठेवा म्हणून मागे लागण्याइतका तो मोठा नाही.

कंपन्यांना असा हिशेब ठेवणे आता ऐच्छिक राहिलेले नाही. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला आहे. त्या कंपन्यांचा माल भिवंडीत ठेवणारा गोदाममालक आणि तो वाहणारा वाहतूकदार यांच्याकडेही आज ना उद्या आकडे मागितले जाणार. तेव्हा कर्मचाऱ्यांच्या प्रवासाची, बैठकांची, वार्षिक स्नेहसंमेलनाच्या बसची नोंद ज्याच्याकडे तयार असेल त्याची धावपळ होणार नाही.

आणि लांबचा प्रवास टाळता येत नसेल तर तो कशाने करावा, याचे उत्तर मराठी साहित्यिकांनी दिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा पुण्याहून साहित्यिक आणि रसिकांसाठी एक खास रेल्वेगाडी सोडली गेली. तिला महादजी शिंदे यांचे नाव दिले होते, आणि धावत्या गाडीतच कविता-गप्पांचे संमेलन रंगले. कोणी हे कार्बनसाठी केले नव्हते. तरीही विमानाच्या तुलनेत माणशी ठसा पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर आला असणार, आणि प्रवासाचा वेळ वाया न जाता कार्यक्रमाचाच भाग झाला. पर्यावरणाच्या नावाने काढलेल्या किती परिषदांना हे साधले आहे?

सर्वांत कमी ठशाची सभा मात्र आपल्याकडे कायद्यानेच आहे. ती ग्रामसभा. वर्षातून किमान चार वेळा, गावातच, चालत येणाऱ्या माणसांची, पारावर किंवा शाळेच्या वर्गात. भिवंडीच्या ग्रामपंचायतींनी याच सभेत गावापुरती हळदीची रीत ठरवली, एकच मोठे जेवण, गावचा फलक, गावची भांडी, रात्री दहाला वाद्ये बंद, तर ती एकट्या घराला पाळणे सोपे जाते. एकट्याने साधी हळद केली की लोक म्हणतात कंजूष. सगळ्या गावाने केली की तीच रीत होते.

ज्यांच्या घरी नुकतेच कार्य झाले आहे त्यांनी मांडव उतरवताना पाच आकडे वहीत टिपावेत. किती गाड्या लागल्या होत्या, जनरेटरने किती लिटर डिझेल खाल्ले, किती सिलिंडर रिकामे झाले, मटण आणि कोंबडी किती किलो आली, आणि किती टोप उरले. डिझेलला २.७ ने, गाड्यांच्या अंदाजे पेट्रोलला २.३ ने, गॅसच्या किलोला तीनाने, हाडासकट मटणाला सव्वीस-सत्तावीसने गुणावे. बेरीज टनांत येईल. मग ते वहीचे पान भावकीतल्या त्या घराला द्यावे, ज्यांच्याकडे पुढचे लग्न आहे आणि ज्यांची तारीख अजून पक्की झालेली नाही.